रेघ नसलेला फोटो

थिरथिऱ्या दर हिवाळ्यात आमच्या परसात येतो. चिमणीएवढा, काळा, पोट विटकरी; बसला की शेपूट थरथरवत राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी मोबाईलवर त्याचे फोटो काढते. एकूणएक फोटोत तारेच्या जाळीची रेघ येते, कारण परसामागे ऊस आहे आणि उसात बिबट्या. मागच्या साली शेजारच्या झुंबरबाईंचं वासरू दावणीवरून नेलं, तेव्हा नवऱ्यामागे हात धुऊन लागून मी ही जाळी मारून घेतली. सासूबाई गवताला जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, बिबट्या मानच धरतो म्हणून.

बुधवारचा फोटो मात्र झकास आला. भांड्यांच्या दगडावर थिरथिऱ्या, मागे नुसता हिरवा ऊस. खुशीत स्टेटसला ठेवलासुद्धा. मग पुन्हा नीट पाहिला. रेघ कुठे गेली?

समृद्धी, माझी तीन वर्षांची, परसात वाळूत खेळत होती. तिला उचलून आत नेलं, कडी लावली आणि कढीपत्त्यामागे जाऊन पाहिलं. जाळी खांबापासून सोडून वर गुंडाळली होती. गुंडाळी सुतळीने बांधलेली.

रविवारी रुपेशभाऊजींनी, माझ्या धाकट्या दिरांनी, पुण्याचा एक पाहुणा आणला होता, हातभर लेन्सवाला. आला होता तोही माझेच फोटो बघून. त्याला जाळी नडत होती.

भोकाला पत्रा टेकवून मी वाट बघत बसले. दिवस कलता भाऊजी आले. म्हणाले, सोमवारी बांधणारच होतो, पण शेताला दिवसाची लाईट आली, पाण्याच्या मोटारीवर गेलो, राहून गेलं. सासूबाई म्हणाल्या, एका पाखरापायी कशाला घर डोक्यावर घेतेस.

"वैनी, तुमी लई टेन्शन घेता राव," भाऊजी हसत होते. "तेवढ्यातनं मांजर बी जायचं न्हाई."

तीन दिवस. रोज दुपारी पोरीला तिथे सोडून मी निवांत भांडी घासली होती. जाळी आहे म्हणून.

मी पत्रा बाजूला केला. "मांजर राहू द्या. तुम्ही जाऊन दाखवा."

भाऊजी अंगाने दणकट. गंमत म्हणून वाकले. डोकं गेलं, खांदे गेले, पोटही सरकलं. शर्टसुद्धा कुठे अडकला नाही. पलीकडे उभे राहून गुडघे झटकले तेव्हा त्यांचं हसू उतरलं होतं.

मी सुतळी तोडली, जाळी खाली ओढली आणि पकडीने तार पिळायला लागले. एक पीळ, दुसरा, तिसरा.

"वैनी, मी कुठनं येऊ?"

"उसाला वळसा घालून या. पाहुण्याला जाळी नको होती ना तुमच्या?"

त्यांनी एकदा मागे वळून उसाकडे पाहिलं, मग आईकडे. सासूबाई उठल्या. आत जाऊन खुंटीवरचा खिळ्यांचा पट्टा घेऊन आल्या आणि जाळीवरून त्यांच्या पायाशी टाकला.