राजदूतसाहेबांची जीभ

आमचे हे, म्हणजे प्यो इन-सू, आयुष्यभर परराष्ट्र खात्यात होते. तीन देशांत राजदूत. हाडवैरी असलेल्या दोन मंत्र्यांना एका टेबलावर जेवायला बसवलं होतं, ते अजून ज्याला त्याला सांगतात. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून माझ्या माहेरी, कोरियाच्या दक्षिण टोकाला हेनामला, किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट-आंबट लोणच्याचा, कारखाना काढला. चव माझ्या थोरल्या बहिणीची, ओक-बुनताईची, विक्री ह्यांची. परदेशातल्या जुन्या ओळखी कामाला आल्या आणि धंदा बरा चालला.

घोडं अडलं ते ह्यांच्या जिभेपाशी. ताई काहीही चाखायला देवो, हे म्हणायचे, "अप्रतिम!" यंदा एक खेप कडवट झाली. मीठ नवं होतं, त्यातलं कडू पाणी पुरतं निथळलं नव्हतं. ताईला सर्दी, चव कळेना, म्हणून तिने मुद्दाम ह्यांना विचारलं. तरी "अप्रतिम!" सगळा माल राजधानीतून, सोलच्या दुकानांतून, परत आला.

"तुम्हाला कडू लागली नव्हती?" ताईने ह्यांना विचारलं.

"लागली होती. पण तुमचं मन मोडवेना."

"मन नाही मोडलंत, नाक कापलंत माझं!" ताईने एप्रन काढून फेकला आणि घरी गेली. ती नाही तर कारखान्याला टाळं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ह्यांनी जाऊन माफी मागितली, तीही खात्याच्या भाषेत. "घडल्या प्रकाराबद्दल तीव्र खेद वाटतो."

"प्रकार आपोआप घडला वाटतं?" ताईने दार लावून घेतलं. मी कपाळावर हात मारला.

हिवाळ्याच्या तोंडावर ताईच्या अंगणात वर्षाची किमची घालायला सगळी आळी जमते. त्या दिवशी आलेल्याला कोणी हाकलत नाही. मी ह्यांना ओढतच नेलं. बायका कोबीच्या पानापानांत मसाला भरत होत्या. ताईने ह्यांना पाहिलं, एक कोवळं पान गुंडाळलं आणि थेट ह्यांच्या तोंडात कोंबलं.

"बोला, राजदूतसाहेब!"

सगळ्यांचे हात थांबले. हे चावत राहिले, चावत राहिले. कान लालबुंद झाले.

"खारट आहे," हे एकदाचे म्हणाले. "आणि आलं जास्त पडलंय."

"अगं बाई!" मागून कोणीतरी म्हणालं.

ताईने स्वतः चाखलं. "आलं बेताचंच आहे, तुम्हाला त्यातलं कळत नाही. खारट मात्र झालीय खरी. मुळ्याचे जाड काप आणा गं, मधे घाला, मीठ ओढून घेतील." मग ह्यांच्याकडे वळली. "सोमवारी कारखाना उघडा, येते मी. आणि येताना कॉफी ढोसून येऊ नका, जीभ कोरी ठेवा."

हे घरी आले ते शीळ घालतच. संध्याकाळी मी सोयाबीनचं सूप वाढलं. पहिला घोट घेऊन म्हणाले, "अळणी आहे."

"काय? आणि आजवरचं?"

"आजवरचंही."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा माझ्याशी घरच्यासारखं बोलला होता. मला इतकं बरं वाटलं की मी हसत हसत मिठाची बरणी त्यांच्यापुढे आदळली.