बावीस काचपट्ट्या

“काका, आधी बसून घ्या,” प्रयोगशाळेतला नीलेश सूक्ष्मदर्शकावरून डोळा हटवत म्हणाला. “नालछ्याच्या वरच्या फळियातल्या तुमच्या स्लाइड आहेत ना, बावीसच्या बावीस पॉझिटिव्ह आहेत. मजाक नाही करून राहिलो.”

भास्कर फणसे बसला. बसला म्हणण्यापेक्षा स्टुलानंच त्याला धरलं. फळिया म्हणजे डोंगरावरची भिलांची वस्ती, घरं बावीस, आणि दर महिन्याला घरटी एक याप्रमाणे तिथून रक्ताच्या बावीस काचपट्ट्या आणायच्या हे भास्करचं काम. या महिन्याच्या बावीस पट्ट्यांवर नावं, वयं, तारखा सगळं नीट होतं. फक्त रक्त फळियातलं नव्हतं. ते बावीसही थेंब भास्करच्या डाव्या हाताच्या बोटांतले होते.

“आणि सगळ्यांचे जंतू अगदी एकसारखे,” नीलेश म्हणाला. “एका आईची लेकरं जशी.” एवढं बोलून त्यानं भास्करच्या हाताकडे पाहिलं. भास्करनं तो हात खिशात घातला.

एकतीस वर्षं मलेरियाच्या कामात गेलेला हा माणूस. डबक्यांवर तेल सोडलं, विहिरींत गप्पी मासे सोडले, पाठीवर पंप बांधून हजारो भिंती फवारल्या. धारमध्ये फणशांचं घर सरळपणाबद्दल ओळखलं जाई. आजोबा जगदेवराव संस्थानच्या दप्तरात होते, आणि फणशांनी कधी खोटी सही केली नाही, हे त्याच्या वडिलांनी आल्यागेल्याला सांगून सांगून लोकांना वीट आणला होता. भास्करनंही खोटी सही केली नव्हती. चार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात वाटेतला नाला पुलावरून वाहत होता, तेव्हा राहिलेल्या दोन पट्ट्यांवर त्यानं स्वतःच्या बोटाचा थेंब लावला, इतकंच. कुणाला ताप नाहीच आहे, रिकाम्या पट्ट्यांसाठी गुडघे कशाला फोडायचे, असं त्यानं मनाला समजावलं. पुढच्या दोन महिन्यांतच दोनाच्या पाच झाल्या, पाचाच्या बावीस. नाल्याला पाणी नसतानाही तो पुलाच्या कठड्यावर बसून बोटं टोचू लागला. त्याचं रक्त स्वच्छ होतं, त्यामुळे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

या खेपेला मात्र ते स्वच्छ नव्हतं. आणि तेही कुठून बिघडलं, हे त्याला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

गौरींसाठी तो आणि बायको लतिका देवासला लेकीकडे गेले होते. वेदिकाचे सासरे फत्तेसिंगराव कारखान्यातून निवृत्त झालेले, माणूस दिलदार पण जरा मानी. धोतर वाळत घालायला भास्कर गच्चीवर गेला तर पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं. सवयीनं त्यानं आत डोकावलं. पाण्याच्या वरच्या अंगाला अळ्या आडव्या पडून होत्या, आणि आडवी पडणारी अळी मलेरियाच्या डासाची असते, हे त्यानं शेकडो बायाबापड्यांना शिकवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी त्यानं टाकी तिथंच उपडी करायला लावली असती. पण मुलीचं सासर. तिथं खोड काढायची नाही, पाण्याला नाव ठेवायचं नाही, ही फणशांची रीत. तो खाली आला आणि पुरणपोळी फार छान झालीय म्हणाला. मग तीन रात्री मच्छरदाणीशिवाय झोपला.

पंधरा दिवसांनी अंगात कसर भरली, तर त्यानं लतिकेच्या हातचा काढा घेतला. दुसऱ्याच्या डोळ्यांवरून ताप ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचा ताप दमणूक वाटला.

“फणसेजी, ये क्या हो गया?” डॉक्टर राजवर्धन घाईघाईनं आत आले. तरुण माणूस, कामाचा. या आरोग्य केंद्राचा रुग्णांचा आकडा दोन वर्षं शून्यावर होता. तिसरं वर्ष शून्य गेलं की ‘मलेरियामुक्त’ असा कागद यायचा होता, आणि त्यासाठी भिंतीवर खिळाही ठोकून झाला होता. “आज ही छिड़काव की टीम भेजता हूँ. चौदा दिन की गोली आप खुद खिलाएँगे, सामने खड़े रहकर. आप पर तो वो लोग भरोसा करते हैं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. भास्करनं तोंड उघडलं आणि त्यातून “जी सर” एवढंच आलं. निवृत्तीला तीन महिने होते. लतिका, वेदिका, फत्तेसिंगराव, घरच्या तसबिरीतले जगदेवराव, सगळे एकदम त्याच्याकडे बघू लागले आणि त्याची हिंमत झाली नाही. भित्रा तो आधीही असेल, पण आपण भित्रे आहोत हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

निघताना नीलेशनं गोळ्यांचं एक जास्तीचं पाकीट त्याच्या पिशवीत टाकलं. “काका, तुम्हाला रोज तिथं जाणं आहे. तुम्ही पण कोर्स करून टाका.” तो खाली बघत होता. पोरगं समजलं होतं, आणि वडीलधाऱ्याची लाज राखत होतं. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर भास्करला सोपं गेलं असतं.

मग सगळं झालं. फळियातल्या बावीस घरांतली मक्याची कणगी, गोधड्या, हंडे बाहेर निघाले. पंपवाल्यांनी भिंती वरपासून खालपर्यंत फवारल्या, औषधाचे पांढरे ओघळ जमिनीपर्यंत आले. दारोदार जाऊन भास्करनंच सांगितलं, “ढाई महीना लीपना मत. लीपोगे तो दवा दब जाएगी.” ते खरंच होतं. लिंपलं की औषध झाकलं जातं आणि डास भिंतीवर निवांत बसतो. फक्त इथल्या भिंतींना त्या औषधाची गरज नव्हती.

आणि चौदा दिवस तो डोंगर चढला. ज्या वाटेनं चार वर्षं गेला नाही, तिनं रोज गेला, गुडघे कुरकुरत होते तरी. धडधाकट माणसं रांगेनं बसायची, तळहात पुढे करायची, गोळी गिळून तोंड उघडून दाखवायची. आपलं रक्त कधी घेतलं, हे कुणी विचारलं नाही; साब म्हणतो तर असेल. काहींच्या पोटात ढवळायचं, तरी दुसऱ्या दिवशी ती यायची. सर्वांत आधी थावरीबाई. साठी ओलांडलेली, एकटी नातीबरोबर राहणारी. ती भास्करला घरातून शिळी भाकर आणून द्यायची, कारण रिकाम्या पोटी एवढं चढून आलेल्या माणसाला ती तसं जाऊ देत नसे. खाली येताना नाल्याच्या पुलावर थांबून भास्कर स्वतःची गोळी घ्यायचा. त्याच कठड्यावर. बावीस निरोगी माणसांची नावं नोंदवहीत होती आणि एकुलत्या एका रोग्याचं कुठेच नव्हतं.

चौदावा दिवस संपल्यावर त्यानं वेदिकाला फोन केला. “बेटा, टाकीचं झाकण बदलून घे. आत अळ्या आहेत.”

“बाबा, तुम्हाला कसं माहीत?”

“मी पाहिल्या होत्या. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. फत्तेसिंगरावांना राग आला तर माझं नाव सांग, आणि घरात सगळ्यांचं रक्त तपासून घ्या.”

स्वयंपाकघरातून लतिका ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं त्याचा डावा हात हातात घेतला, बोटांची टोकं निरखली. “अहो, हे काय?” भास्करनं सगळं सांगितलं. तिनं त्याचा हात सोडला. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? ज्यांना गोळ्या चारल्या, त्यांना सांगा.”

दिवाळीच्या आदल्या दिवशी तो वर गेला. पिशवीत लतिकेनं दिलेल्या करंज्या होत्या, खिशात डॉक्टरांच्या नावे लिहिलेलं पत्र. फळिया ओळखू येत नव्हती. वर्षाचा सण, कोण थांबतंय. घराघरानं शेणामातीनं भिंती लिंपून काढल्या होत्या, कुणी वर पांढऱ्या मातीचे मोर काढले होते. एकच घर तसंच होतं, ओघळांनी विटलेलं, मयत झालेल्या घरासारखं. थावरीचं. ओट्यावर कालवलेल्या मातीचं घमेलं वाळून तडकलं होतं.

“बाई, लीपा क्यों नहीं?”

“तमने कयो थो,” थावरी म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ना, अशा साध्या सुरात. “छोरी रोवे. सब का घर लिप्या, म्हारो नी. म्हने कयो, साब झूठ नी बोले.”

भास्कर ओट्यावर टेकला आणि जमिनीकडे बघत त्यानं सांगितलं. रक्त माझं होतं. ताप मला होता. तुम्हा कुणाला काही नव्हतं. गोळ्या उगाच, फवारा उगाच, ही भिंत उगाच. दिवाळी झाली की हे पत्र डॉक्टरांना देणार, मग नोकरीचं जे व्हायचं ते होईल, असंही सांगितलं, आणि ते सांगितल्याचीही त्याला लाज वाटली, कारण त्यात कीव मागितल्यासारखं होतं.

थावरी चिडेल, निदान ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती विचारात पडली. चार वर्षांचा हिशोब मनाशी लावत असावी. मग तिनं विचारलं, “तो म्हारो खून तमने लियो ज नी?”

“नहीं.”

“चार बरस?”

“नहीं बाई.”

“तो म्हने ताप आतो, तो कुण जाणतो?”

मला ताप आला असता तर कुणाला कळलं असतं, असं ती भास्करला विचारत होती. त्यानं हात जोडले. तिनं त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलंही नाही. उठली, घमेल्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि नातीला हाक मारून माती भिजत घालायला सांगितली. उरलेल्या पाण्यानं आपला डावा हात धुतला, लुगड्याच्या पदराला पुसला, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. हात पुढे केला, मधल्या बोटाशेजारचं बोट वेगळं धरून.

“अब ले,” ती म्हणाली.

सुईची भीती असणारी माणसं करतात तसं तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. भास्करनं पिशवीतून कोरी काचपट्टी काढली. चार वर्षं नोंदवहीतून उतरवलेलं तिचं नाव त्याला पाठ होतं, तरी त्यानं ते तिला विचारलं, वय विचारलं, आणि तिनं सांगितलं तसं लिहून घेतलं.