वायरीवरचा हात

जादा दिवे बसवणं कुणालाही येतं. बॅटरीवरून वायर घ्यायची, मध्ये फ्यूज, पुढे दिव्यांचा भार पेलणारा रिले, तिथून दोन दिवे, झालं काम. पण गाडीच्या बॉनेटखाली जोड ढिला राहिला तर तो डोळ्यांना दिसत नाही, आतल्या आत तापत राहतो. भावाभावांतल्या भांडणासारखंच ते. म्हणून गॅरेजवाल्या दादांची रीत ठरलेली. इंजिन बंद ठेवून दिवे लावून द्यायचे, चहा मागवायचा, आणि कप खाली ठेवला की बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायरीवरून उघडा हात फिरवायचा. कुठे कोमट लागलं की तो जोड कापायचा आणि नवा करायचा. हात फिरवून दादा "गार आहे" म्हणाले की गाडी सुटली. त्याआधी प्रत्यक्ष मालकानं पाय धरले तरी सुटत नसे.

समोरच टॅक्सीचा थांबा होता. गॅरेजच्या दारातल्या बाकड्यावर टॅक्सीवाले बसलेले असायचे, आणि त्यांचा दादांच्या हातावर देवापेक्षा जास्त विश्वास. धाकट्या भावानं एकदा तापमान मोजायचं यंत्र आणलं, तर दादांनी सगळ्यांसमोर त्याची टर उडवली. म्हणाले, "उद्या पोळी भाजली की नाही तेही यंत्राला विचार." बाकडं खो खो हसलं. धाकटाही हसला आणि यंत्र खणात टाकून मोकळा झाला. बिचारा हसून घ्यायचा, त्याचा स्वभावच तसा. जोड तो करायचा, वाकून वाकून पाठ त्याची मोडायची, आणि नाव व्हायचं दादांच्या हाताचं.

आणि तो हात? त्या हाताची गोष्ट दादांनी कुणाला सांगितली नव्हती. साखरेच्या आजारानं आधी पायांची बोटं बधिर केली, मग हातांची. सुरुवातीला मुंग्या यायच्या, पुढे मुंग्याही थांबल्या. लोकांचं तोंड पोळेल इतका गरम कप उचलला तरी दादांच्या बोटांना पत्ता नसायचा. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा पूर्वीसारखाच हात फिरवायचे, मध्येच भुवया आक्रसायचे, एखाद्या जोडावर उगाच थांबायचे आणि म्हणायचे, "गार आहे." वर्ष गेलं, एकही गाडी परत आली नाही. मग दादांनी मनाची समजूत घातली, की एवढ्या वर्षांचा हात आहे, आतून काहीतरी कळत असणारच. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला मदतनीस लागत नाही.

लंबूची टॅक्सी आली ती अशाच वेळी. लंबू म्हणजे थांब्यावरचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात बोलघेवडा ड्रायव्हर. त्याला मोठे दिवे हवे होते, आणि तेही आत्ताच्या आत्ता. धाकट्यानं वायर ओढली, जोड केले, दिवे पेटले. चहा सांगितला आणि तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा रिले आणायला तो निघाला. जाताना म्हणाला, "दादा, मी येईपर्यंत गाडी सोडू नकोस."

एवढंच म्हणाला. पण लंबूनं ते ऐकलं आणि डोळा मारला. "काय दादा, आता धाकट्याची परवानगी लागते वाटतं?"

झालं. दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी कप ठेवला, हात फिरवला, "गार आहे" म्हणाले आणि स्वतः बॉनेट आपटून लावलं. धाकटा परत आला तेव्हा जागा रिकामी होती. रिले हातात तसाच ठेवून तो लंबूला फोन लावत बसला. लंबूचा फोन लागला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी दोरखंडानं ओढत आणली. वळणाच्या रस्त्यावर बॉनेटमधून धूर आला, दिवे गेले, लंबूनं घाबरून चाक वळवलं आणि गाडी चरात उतरली. मागे बसलेल्या बाईंचा हात मोडला. लंबूच्या कपाळाला टाके पडले होते. दादांनी बॉनेट उघडलं. एका जोडावरचं प्लास्टिक वितळून वायर उघडी पडली होती आणि पत्र्याला चिकटली होती. थांबा रिकामा करून सगळे टॅक्सीवाले बघायला जमले होते.

"हा जोड कुणाचा?" दादांनी विचारलं. आवाज असा चढवला की रस्त्यापलीकडे जावा.

"माझा," धाकटा म्हणाला.

खरंच होतं ते. जोड त्याचाच होता, ढिला राहिला होता. पण जोड कुणाच्याही हातून ढिला राहतो, म्हणून तर वरून हात फिरवायचा असतो. हे धाकट्याला माहीत होतं, दादांनाही माहीत होतं. तरी दादा बोलत राहिले. काम करताना लक्ष कुठे असतं, लोकांचे जीव घेणार का, इतकी वर्षं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी. धाकटा मान खाली घालून उभा होता, फक्त एकदा त्यानं वर बघितलं. लंबू म्हणाला, "दादा, यापुढे माझ्या गाडीला याचा हात नको. तुम्ही एकट्यानं करा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दादांना त्या क्षणी बरं वाटलं. हो, बरं वाटलं. लाज वाटायला दुपार झाली.

दुपारी ते घरी जेवायला बसले, तेव्हा बायकोनं ताट वाढता वाढता हाताकडे बघितलं. तर्जनीवर टपोरा फोड.

"हे कधी भाजलं?"

"भाजलं नाही काही."

"कालचं दिसतंय. लंबूची गाडी कालच ना?" तिनं ताट ठेवलं. "अहो, त्या वायरीनं तुमचं बोट भाजलं, आणि तुम्ही गार आहे म्हणालात?"

दादांनी हात ताटाखाली घेतला.

"भाऊजींना सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली. "वर्ष होऊन गेलं. तुम्ही हात फिरवून बाकड्यावर आलात की फडक्यानं पुसायचं निमित्त करून ते मागून हात फिरवतात. कोमट लागलं तर तुमची पाठ वळेपर्यंत थांबतात, मग जोड बदलतात. मला म्हणाले, वहिनी, त्याला सांगू नका, तो खचेल. आणि त्यांनाच तुम्ही आज भर रस्त्यात—" ती आत गेली.

दादांचा घास हातातच राहिला. वर्षभरात एकही गाडी का परत आली नाही ते आता कळलं, आणि असं कळलं की कुणी कानाखाली वाजवली असती तर परवडली असती. रागही आला. स्वतःचा आला त्याआधी धाकट्याचा आला, हे विशेष. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

ते तसेच गॅरेजवर गेले. धाकटा आपली हत्यारं पिशवीत भरत होता.

"सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?" दादांनी विचारलं. "गाडी सोडू नकोस म्हणाला होतास, हे का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझं काय राहिलं असतं?"

"मग आता कुठे निघालास?"

"गावाबाहेर मोठं वर्कशॉप आहे, तिथे. बोलणं झालंय." त्यानं पिशवीचं तोंड बांधलं. "दादा, तू ओरडलास त्याचं मला काही नाही. लहानपणापासून ऐकतोय. पण तू ओरडत होतास तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तुला खरंच वाटत होतं, चूक माझी एकट्याची आहे."

धाकटा गेला.

पुढच्या आठवड्यात दादा स्वतः बाकड्याजवळ गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "लंबू, त्या दिवशी चूक माझी होती. माझ्या बोटांना काही कळत नाही. तो तपासणार होता, मी थांबलो नाही." मोठ्या कष्टानं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

टॅक्सीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ असावा तर असा. धाकट्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोय." लंबूनं दादांच्या पाठीवर हात ठेवला. "मन मोठं आहे तुमचं. पण उगाच त्याला पाठीशी घालू नका." दादांनी पुन्हा सांगितलं. जितकं सांगितलं तितके ते थोर ठरत गेले. शेवटी शिव्या घातल्या, तर लोक म्हणाले, भाऊ गेल्याचं दुःख बोलतंय.

लंबूची गाडी दुरुस्त होऊन दिव्यांसाठी परत दादांकडेच आली. त्यांनी एकट्यानं वायर ओढली. बधिर बोटांनी जोड आवळले, आवळले की नाही ते डोळ्यांनी बघितलं. दिवे लावले. चहा आला, संपला. बाकडं वाट बघत होतं. दादा उठले, वायरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लंबू, इकडे ये. गार आहे की गरम, मला ठाऊक नाही. तू सांग."

"काय दादा, थट्टा करता. तुमचा हात लागला की झालं."

"लाव हात."

लंबू हसत हसत आला, दादांच्या बोटांशेजारी त्यानं वायर चिमटीत धरली आणि किंचाळून मागे सरला. बोटं तोंडात घालून तो दादांकडे बघत राहिला. बाकड्यावरचं कुणी हसलं नाही.

"मग त्या दिवशी..." लंबू म्हणाला.

"त्या दिवशीही असंच."

"अरे देवा. आम्ही त्याला काय काय बोललो." लंबूनं बाकड्याकडे बघितलं. "बोलवा ना त्याला परत. हवं तर आम्ही सगळे जातो."

"मी जाऊन आलो," दादा म्हणाले. "तिथे तो सुखात आहे. म्हणाला, इथे माझ्या मागून कुणाला हात फिरवावा लागत नाही आणि मलाही कुणाच्या मागून फिरवावा लागत नाही."

लंबू काही बोलायला गेला, पण त्याची नजर खाली वळली आणि त्याचा चेहरा पडला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हात काढा."

दादांनी खाली बघितलं. हात अजून वायरीवरच होता.