वाकडी होते तेच बरं होतं

मी पन्हळ बोलतेय. छपराच्या कडेला टांगतात ना, पावसाचं पाणी झेलायला, ती पत्र्याची पन्हळ. सध्या अंगणात भिंतीलगत आडवी पडले आहे. पोटात कुजका पाला आहे आणि डोक्यात राग. तुमच्याही घराला माझी एखादी बहीण असेलच. तिच्याखालून रोज ये-जा करता आणि मान वर करून एकदाही बघत नाही, म्हणून आज जरा ऐका. गोड बोलेन अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

मला घडवलं एका छपराच्या प्लंबरने. घरातले नळ बघतो तो प्लंबर वेगळा, आणि छपरावरच्या पाण्याला वाट करून देतो तो वेगळा. एवढं आधीच डोक्यात ठेवा, पुढचा घोळ त्यातूनच वाढला. त्याने पत्रा वाकवला, सांधे जोडले आणि मला या बैठ्या घराच्या छपराला लावलं. एक टोक थोडं वर ठेवलं आणि पाइपाकडचं थोडं खाली. मग वरच्या टोकाला मगभर पाणी ओतलं. पाणी पळत पाइपात उतरलं, तसा तो खाली उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला, "झालं. पावसाच्या आधी पाला काढून घेत जा. आणि पाणी काठावरून सांडायला लागलं, की लगेच मला बोलवा. स्वतः काही करायला जाऊ नका."

त्या बाई म्हणजे आत्या. घरातल्या मुलींची आत्या, म्हणून सगळी गल्लीही तिला आत्याच म्हणते. घर तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. भावाचे केस पिकले, तरी ती त्याला बाळ्याच म्हणते. मग मी का वेगळं म्हणू? कडेच्या खोलीत, अगदी माझ्या वरच्या टोकाखाली, आत्याचं शिलाई मशीन. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश तिच्या हातचे. पाऊस लागला, की माझी खळखळ आणि तिच्या मशीनची खडखड एकदमच चालायची. काय सुखाचे दिवस होते ते!

माझी दृष्ट काढायला हवी होती. कारण एक दिवस समोरचे मिशीवाले काका रस्त्यात उभे राहून बाळ्याला म्हणाले, "काय हो, तुमची पन्हळ वाकडी दिसते. लावणाऱ्याने फसवलं वाटतं तुम्हाला."

झालं! बाळ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने बाजारातून लेव्हलची पट्टी आणली, शिडी लावली आणि माझ्या पकडी ढिल्या करून माझं वरचं टोक खाली ओढलं. पट्टीतला बुडबुडा बरोब्बर मध्ये आल्यावर गडी खूश. आत्या खालून ओरडत होती, "अरे बाळ्या, तो उतार मुद्दाम ठेवलाय. पाणी जाणार कुठून?"

"ताई, तुला यातलं काही कळत नाही. बघ, आता कशी दिसते सरळसोट!"

सरळसोट म्हणे! मी काय त्याच्या वहीतली रेघ होते? मी पाणी वाहून नेण्यासाठी जन्मले होते, रस्त्यावरून छान दिसण्यासाठी नाही. माझ्या अंगाचा तेवढा वाकडेपणा हीच माझी अक्कल होती आणि ती या शहाण्याने काढून घेतली.

मग व्हायचं तेच झालं. पाणी माझ्या पोटात साचून राहू लागलं. त्यात पाला पडला, पाल्याचा चिखल झाला, चिखलात कुठलंसं रोप उगवलं. बाळ्याच्या मुलींनी ते रोप बघून टाळ्या पिटल्या, "बाबा, आपल्या छपरावर झाड!" बाळ्यालाही कौतुक. अरे मेल्या, पन्हळीत झाड उगवलं तर कौतुक करायचं असतं, की प्लंबरला हाक मारायची असते? त्या ओझ्याने मी आत्याच्या खोलीकडच्या टोकाला झुकले. पाऊस आला, की पाणी पुढून सांडायचं ते सांडायचंच, पण माझ्या मागच्या काठावरूनही भिंतीवर आणि तिथून छताच्या आत जायचं. मला ते थोपवता येत नव्हतं. जीव तुटायचा माझा.

आत्याच्या मशीनच्या बरोबर वर, छताला पहिला डाग पडला. आत्या म्हणाली, "छपराच्या प्लंबरला बोलाव."

बाळ्याने रंगाऱ्याला बोलावलं.

डाग वरून आला, तर वर बघावं, एवढी साधी गोष्ट. पण हा माणूस डागावर रंग देऊन मोकळा! रंगारी शीळ घालत आला, शीळ घालत गेला. पुढच्या पावसात डाग परत हजर, आधीपेक्षा थोराड. पुन्हा रंगारी. तिसऱ्यांदा आला तेव्हा तर तो "काय, पुन्हा तोच का?" असं हसत हसत विचारत आत शिरला.

मग वहिनींनी, म्हणजे बाळ्याच्या बायकोने, जोर धरला. "अहो, वन्संच्या खोलीत वास येतो ओलीचा. प्लंबर आणा कोणीतरी." तेव्हा बाळ्याने आणला प्लंबर. कुठला? न्हाणीघराचा! त्याने घरातले सगळे नळ उघडले, बंद केले, चहा घेतला आणि नळ ठणठणीत आहेत म्हणून सांगून गेला. बाळ्या म्हणतो कसा, "बघ ताई, प्लंबर येऊन गेला. काही नाहीये."

त्याला कळत नव्हतं असं समजू नका. मी वरून त्याचा चेहरा बघत होते. सांडणाऱ्या पाण्याकडे बघायचा आणि झटकन मान फिरवायचा. छपराचा प्लंबर आला असता, तर पहिलाच प्रश्न आला असता, हिला सरळ कोणी केलं? त्या एका प्रश्नाला घाबरून हा बाप्या बहिणीला ओल्या छताखाली बसवत होता. याचा मला जो संताप येतो, तो आज गंज चढला तरी उतरलेला नाही.

छताला फुगवटा आला. आत्याने मशीन दुसऱ्या भिंतीला नेलं, पण तिकडे उजेड नव्हता. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, म्हणून पुन्हा खिडकीपाशी आणलं. शाळा उघडायची होती, गणवेश बाकी होते. "चार दिवस काढते कसेतरी," असं स्वतःशीच म्हणाली.

भर दुपारी, पाऊस पडून गेल्यावर, तो फुगवटा खाली आला. मशीनवर आदळला आणि आत्याच्या उजव्या हातावर. तिची किंकाळी मी ऐकली. सगळ्या गल्लीने ऐकली. मिशीवाले काकाच सगळ्यात आधी धावले.

मनगट दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटांत सुई धरण्याचं बळ येईल की नाही, ते आज सांगता येत नाही. अर्धवट शिवलेले गणवेश शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेले. आत्या रडली नाही. मशीनवर झाकण घालायला वहिनींना सांगितलं आणि तोंड फिरवून बसली.

आणि मग आला छपराचा प्लंबर! आत्या इतकी वर्षं ज्याला बोलवायला सांगत होती, तो आला तिच्या हाताला प्लॅस्टर चढल्यावर. मला घडवणाराच तो, आता जरा वाकलाय. त्याने मला काढलं, माझे सडलेले सांधे बघितले आणि नवी घालावी लागेल म्हणाला. म्हणून मी इथे अंगणात आहे. भंगारवाला उद्या-परवा येईल.

जाता जाता सांगते, आणि ओरडून सांगते. काठावरून पाणी सांडलं, छताला डाग पडला, भिंतीचा रंग फुगला, पन्हळ झुकली, तिच्यात रोप उगवलं, की त्याच दिवशी छपराच्या प्लंबरला बोलवा. रंगाऱ्याला नाही. नळवाल्याला नाही. आणि कोणी टोमणा मारला म्हणून तर अजिबात शिडी लावू नका. तुमची चूक झाकायला छत पुरत नाही हो!

आत्ता समोर नवी पन्हळ चढतेय. प्लंबर पकडी ठोकतोय. बाळ्या खाली उभा. एवढं सगळं होऊनही त्याने घसा खाकरला. "अं... रस्त्यावरून फार वाकडी नाही ना दिसणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला बोलावं लागलं नाही. दारातून आत्या बाहेर आली, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत.

"तुम्ही वाकडीच लावा," ती प्लंबरला म्हणाली. "आणि बाळ्या, कोणी विचारलं ना, पन्हळ वाकडी का, तर माझा हात दाखव."

बाळ्याने पुढे होऊन शिडी धरली. प्लंबरने वरच्या टोकाला मगभर पाणी ओतलं, आणि ते पळत पाइपात उतरताना आत्या शेवटपर्यंत बघत उभी राहिली.