टाकीतला फोटो

घरात सगळे मला संशयी म्हणतात. असेन. तेलाच्या कारखान्यात माझं कामच तसं आहे. टाकी धुवायला माणूस आत उतरला, की तिथला कॅमेरा सेकंदाला एक फोटो काढतो आणि जुन्याच्या जागी नवा ठेवतो. मी ते कॉम्प्युटरवर बघत बसते. आत हवा कमी पडते, माणूस जरा डगमगला की भोंगा.

आधी प्रोग्राम रडतखडत चालायचा, फोटो मागे पडायचे. काल नवा इंजिनियर आला आणि तासाभरात सगळं सुसाट करून गेला. इतकं सोपं होतं, तर आधीचे काय माशा मारत होते? केलंस काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, तोच फोटो पुन्हापुन्हा कशाला उघडायचा? फोटो बदलला की फाइलची साइज बदलते, ती बदलली तरच नवा दाखवायचा. घरच्या फोटोंवर तपासलंय म्हणे, काकू, निर्धास्त राहा. कुणी निर्धास्त राहा म्हटलं की मला जास्तच शंका येते.

आज आत माझा धाकटा दीर होता. तो उतरल्यावर मी प्रोग्राम उघडला, तेव्हा तो वाकून भिंत घासत होता. पाच मिनिटं झाली तरी तसाच वाकलेला. इंजिनियर शेजारीच होता. तो म्हणाला, मन लावून काम करतायत. अरे, पंधरा वर्षं ओळखते मी त्याला, जेवताना एका जागी बसत नाही तो! उगाच काम थांबवलं तर साहेब ओरडतील, असंही इंजिनियर म्हणाला. ओरडू देत. मी भोंगा दाबला.

माणसं टाकीकडे धावली. इकडे इंजिनियरनं फायली उघडून बघितल्या आणि त्याचं तोंड उतरलं.

"काकू, ह्या कॅमेऱ्याची प्रत्येक फाइल एकाच साइजची आहे. आत काहीही दिसो."

म्हणजे पडद्यावर पहिल्या फोटोनंतर दुसरा आलाच नव्हता. मी धावत खाली गेले. दिराला बाहेर काढून जमिनीवर निजवलं होतं. ओठ निळे पडले होते, नाकावर ऑक्सिजन होता. मला रडूच फुटलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि मला शोधलं.

"वहिनी, कॅमेऱ्यासमोर किती वेळ हात हलवत होतो. बघत नव्हतीस का?"

"बघत होते रे," मी म्हटलं. "सारखी बघतच होते."