हिरव्या पाकिटाखाली

मी बोलतोय, तैवानमधल्या कीलुंगच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या फांग वेन-पिन यांच्या घरचा संगणक. एरवी सांगितलेलं ऐकणारा मी, स्वतःहून बोलणं माझ्या स्वभावात नाही. पण एका संध्याकाळी मला वाचा असती, तर या घरातल्या दोन माणसांना एकमेकांचं मन दुखवावं लागलं नसतं. ती रुखरुख अजून जात नाही, म्हणून आज बोलतो.

माझा जन्म तुकड्या-तुकड्यांनी झाला. सुट्टी असली की मालक तायपेच्या संगणकबाजारात जायचे, दुकानदारांशी मनसोक्त हुज्जत घालायचे आणि कधी पंखा, कधी रॅमची पट्टी पिशवीत घालून परतायचे. मग जेवणाच्या टेबलावर मला जोडत बसायचे. जाडजूड, राठ बोटं त्यांची, पण माझे बारीक स्क्रू पिळताना इतकी हलकी व्हायची की मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. टेबल मी अडवलेलं, त्यामुळे घरातली दोन्ही माणसं हातात वाट्या धरून सोफ्यावर जेवायची.

दोन माणसं म्हणजे मालक आणि त्यांची लेक रुई-लिन. तिची आई ती लहान असतानाच गेली. रडून रडून गप्प झालेल्या पोरीचं काय करावं हे न सुचून मालकांनी तेव्हा तिला एका उडणाऱ्या वीराच्या सिनेमाला नेलं, आणि तिथे ती हसली. तेव्हापासून असा कुठलाही सिनेमा लागला की पहिल्याच संध्याकाळी दोघं स्कूटरवरून जाणार, सोबत तळलेल्या कोंबडीची पुडी नेणार आणि पडद्यावरची नावं संपेपर्यंत खुर्ची सोडणार नाहीत, हे ठरलेलं. पोर मोठी झाली, वीर बदलले, पण हे काही बदललं नाही.

आता रुई-लिनला जपानमध्ये ओसाकाला नोकरी लागली होती, आणि मला घडवायचं कारणही तेच. तिने तिकडून आणि यांनी इकडून शनिवारी एकत्र खेळ खेळायचा, खेळता खेळता गप्पा मारायच्या असा बेत होता. जुना संगणक त्याला पुरा पडत नव्हता. ती जायच्या आत मी सुरळीत चाललो पाहिजे, असा मालकांनी ध्यासच घेतला.

आमच्याकडे यंत्रावर नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊचं पाकीट ठेवतात. पाकीट हिरवंच लागतं. ते असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं आणि हट्ट करत नाही. मालकांच्या क्रेनमध्येही एक असतं. मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्यांनी मोठ्या भक्तीने एक टपोरं पाकीट माझ्या डोक्यावर ठेवलं. ठेवलं ते नेमकं, जिथून माझ्या पोटातली गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर.

मग काय होणार? थोडा वेळ चाललो की मी तापायचो आणि बंद पडायचो. मालकांनी मला खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. दरवेळी पाकीट आदराने उचलून बाजूला ठेवायचे आणि काम झालं की पुन्हा डोक्यावर. मग एकदा त्यांची नजर पाकिटावरच्या तारखेवर गेली. ती उलटून गेली होती. "तरीच," असं म्हणून ते खालच्या दुकानात जाऊन ताजं पाकीट घेऊन आले, आणि जुन्याचाही मान राहावा म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. मी आणखी लवकर बंद पडू लागलो.

रुई-लिनचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्याच संध्याकाळी नवा सिनेमा लागला. ती हेल्मेट घेऊन दारात उभी राहिली. मालक माझ्यापुढे वाकलेले.

"तू मैत्रिणीला घेऊन जा," ते म्हणाले. "हे अजून बंद पडतंय."

"बाबा, उद्या सकाळी मी जातेय."

"म्हणूनच तर. तू गेल्यावर हे चाललं नाही, तर आपण बोलायचं कसं?"

ती म्हणाली, "मी अजून गेले नाहीये. मी इथे उभी आहे, आणि तुम्ही मी गेल्यावर माझ्याशी कसं बोलायचं ते बघताय."

मालकांनी वर पाहिलं नाही. घट्ट बसलेला स्क्रू ते उगाच पिळत राहिले. माझ्या काचेत मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो पाहून मला वाटलं, आपण जन्मलोच नसतो तर बरं झालं असतं.

रुई-लिन तरातरा आली, माझ्या डोक्यावरचं ताजं पाकीट उचललं आणि टरकन फाडलं.

"अगं, ते खायचं नसतं!" मालक उठून उभेच राहिले.

"माहितीये. पण दिवसभर सामान भरतेय, मला भूक लागलीये. आणि या घरात हल्ली लाड फक्त त्याचेच होतात."

ती खाऊ लागली. खाता खाता तिचे डोळे भरून आले. तिने पाकीट बापापुढे धरलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि एक तुकडा तोंडात टाकला. मग हात पँटला पुसून त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. रुई-लिनने जाता जाता दुसरं पाकीटही काखोटीला मारलं.

घाईत ते मला बंद करायला विसरले. घर रिकामं झालं आणि मी पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला.

दोघं परतली तेव्हा मी चालूच होतो. मालक चक्रावले. त्यांनी जाळीवर तळवा धरला, हाताला गरम वारा लागला, आणि पाकीट नसलेल्या त्या जाळीकडे ते बघतच राहिले.

"रुई-लिन, अगं, मीच याचा गळा दाबत होतो."

दोघं हसत सुटली. मग रुई-लिनने बजावलं की पाकीट ठेवायचं बंद करू नका, फक्त जरा बाजूला ठेवा, नाहीतर संगणक रुसेल. तसं ते आता माझ्या शेजारी उभं असतं. त्या पाकिटाचा उपयोग झाला नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

आता शनिवारी तिचा आवाज माझ्यातून येतो. पण आणखी एक गंमत सांगतो. मध्यंतरी असाच एक नवा सिनेमा इकडे लागला. ओसाकाला तो यायला बराच अवकाश होता. मालक गेलेच नाहीत. बंदरातली मंडळी त्यांच्यासमोर मुद्दाम शेवट सांगायला निघायची आणि हे कानांवर हात ठेवून पळायचे. इकडच्या थिएटरातून तो उतरायची वेळ आली, आणि तेव्हा कुठे तो तिकडे लागला. मग एकाच संध्याकाळी तिने तिकडे पाहिला आणि यांनी इकडे. जाण्यापूर्वी त्यांनी मला नीट बंद केलं. मला वाईट वाटलं नाही.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेलच. तो अडून बसला असेल आणि घरचं माणूस दारात तुमची वाट पाहत असेल, तर त्याला तसाच टाकून निघा. आम्ही उद्याही दुरुस्त होतो. रुई-लिनचं विमान मात्र सकाळी वेळेवर सुटलं होतं.