छेद केवढा, हे आधी कोण बोलणार?

माझे धाकटे दीर हाडांचे डॉक्टर. बारीक छेदातून हाड जोडण्यात त्यांचा हातखंडा. ऑपरेशन झालं की पेशंटला आधी जखमेचा फोटो दाखवायचे, मग पाय हलतो का ते बघायचे. त्याच हॉस्पिटलातले दुसरे हाडांचे डॉक्टर जुन्या वळणाचे. "डोळ्यांना दिसल्याशिवाय मी हाडाला हात लावत नाही," म्हणायचे आणि ऐसपैस उघडायचे. भावजी त्यांना खाटीक म्हणत, ते भावजींना भोकपाडे. मी थिएटरात दोघांनाही हत्यारं देते, त्यामुळे दोघांचंही ऐकून घेते. देवानं कान दोन दिलेत, ते बहुधा यासाठीच.

मग एक दिवस भावजी जिन्यावरून पडले. फोनवर आपल्याच छेदाचं कौतुक चाललं होतं, पायरी चुकली. नडगीचं हाड वर गुडघ्यापाशी फुटलं. साधी चीर असती तर बारीक छेदात भागलं असतं. पण सांध्याचा भागच खड्डा पडल्यासारखा दबला होता, वर त्याचे तुकडे. तो सपाट बसला नाही तर तासन्‌तास उभं राहून ऑपरेशनं करणं संपलंच. दुसरीकडे जावं, तर लोक म्हणणार, यांचा स्वतःच्याच हॉस्पिटलवर भरवसा नाही.

सूज उतरेपर्यंत थांबायचं होतं. खाटीक रोज सकाळी खाटेपाशी येत.

"कसं करू या, डॉक्टर?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"छे छे, पाय तुमचा. तुम्ही म्हणाल तसं."

यापेक्षा दोन विहिणींचा मानपान परवडला.

ते गेले की माझी जाऊ नवऱ्यावर घसरे. "अहो, सरळ सांगा ना, उघडा म्हणून!"

"मी सांगू? जन्मभर लोकांना टाचणीएवढा छेद दाखवत हिंडलो तो मी? त्यांना कळत नाही का?"

त्यांना कळत होतं. व्हरांड्यात मला म्हणाले, "सिस्टर, उघडायलाच हवं. पण मी उघडलं तर सगळे म्हणतील, खाटकानं दावा साधला."

"मग एकदा बोला की दोघं," मी म्हटलं.

"आधी त्यांनी बोलावं."

शेवटी छेद बारीकच ठरला. दोघंही एकमेकांकडे पाहून इतके गोड हसले की मला धडकी भरली. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मोठ्या छेदाची हत्यारंही निर्जंतुक करून ठेवायला सांगितली.

भावजींचा कंबरेखालचा भाग बधिर केला होता, पण ते टक्क जागे. मान वाकडी करून एक्स-रेचा पडदा बघत होते. खाटकांनी छोट्या भोकातून दांडी घालून दबलेलं हाड उचललं. एक तुकडा वर आला, दुसरा घसरला. दुसरा उचलला, पहिला पुन्हा खचला. पडद्यावर खड्डा तसाच.

"झकास दिसतंय," खाटीक पडेल आवाजात म्हणाले.

"झकासच," भावजी म्हणाले. कपाळावर घामाचे थेंब.

"मग स्क्रू लावू?"

स्क्रू हातात घेऊन मी थांबले. नुसतं नाडीचं यंत्र टुकटुक करत होतं, आणि ती टुकटुक वाढत होती.

"उघडा," भावजी पुटपुटले.

"काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही."

"उघडा म्हणतोय! मोठा छेद घ्या!"

"केवढा?"

"तुमच्या मनासारखा घ्या हो! पण तो खड्डा भरा!"

भूल देणाऱ्या बाई मास्कमागे खुदकन हसल्या. खाटकांनी हात पुढे केला आणि मग त्यांचे हात असे चालले, जणू कोणी त्यांच्यावरचं कुलूप काढलं होतं. तुकडे डोळ्यांना दिसले, जागेवर बसले, खाली भर घातली, बाजूनं धातूची पट्टी बसली. पडद्यावर सांधा सरळ रेघेसारखा.

आता भावजी रोज गुडघा वाकवतात. पाय थोडा थोडा जास्त वाकतो आणि तेवढीच त्यांची जीभ सैल सुटते. खाटीक बघायला येतात, खुर्ची ओढून बसतात, दोघं चहा पितात. कसाई, राक्षस, निर्दयी, सगळं आता व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीच्या वाट्याला आलंय.